रेडिएशनच्या मास्कमध्ये जीव घाबरतो तेव्हा : पहिल्या भेटीपासून शेवटच्या सत्रापर्यंत काय करावे

डोके, चेहरा किंवा मान या भागातील कर्करोगावर किरणोपचार घ्यायचे ठरले की डॉक्टर रुग्णाला मास्कविषयी सांगतात, आणि त्या क्षणापासून अनेकांची झोप उडते. चेहऱ्यावर घट्ट बसणारी जाळी, ती टेबलाला अडकवलेली, मान तसूभरही हलवायची नाही आणि खोलीत दुसरे कोणी नाही, या नुसत्या कल्पनेनेही छातीत धडधड सुरू होते. लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या यंत्रात ज्यांचा जीव पूर्वीपासून कासावीस होतो त्यांना हा त्रास होणार हे उघडच आहे, पण आयुष्यात कधीही बंदिस्त जागेची भीती न वाटलेल्या माणसांनाही मास्कमध्ये पहिल्यांदा घाम फुटतो. अशा वेळी आजूबाजूचे लोक ‘मन घट्ट करा’ असे सांगतात. तो सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी त्याचा उपयोग फारसा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उपयोग होतो तो दोन गोष्टींचा : भीती उपचार करणाऱ्या टीमला आधीच सांगण्याचा आणि यंत्राखाली झोपण्यापूर्वी घरी केलेल्या सरावाचा. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टींभोवती रचलेल्या आहेत.

भीती नेमकी कशाची, ते आधी लिहून काढावे

‘मला भीती वाटते’ एवढ्यावर थांबू नये, कारण या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या भीती दडलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. कोणाला श्वास कोंडण्याची भीती असते. अशा रुग्णाने हे पक्के लक्षात ठेवावे की मास्कला सर्वत्र छिद्रे असतात, त्यामुळे तो नाकातोंडावर असतानाही हवा मोकळेपणाने आत-बाहेर होते. कोणाला श्वासाचे काही वाटत नाही, पण आपल्याला बांधून ठेवले आहे ही भावना सहन होत नाही. त्यांच्यासाठी मास्क टेबलाला अडकवणाऱ्या क्लिपा किती पटकन निघतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हाच सर्वांत मोठा दिलासा असतो. एकटे राहण्याची भीती असेल, तर किरण चालू असताना तंत्रज्ञ खोलीबाहेर जात असले तरी कॅमेऱ्यांच्या पडद्यावर रुग्णाला सतत पाहत असतात आणि माइकवरून दोन्ही बाजूंनी बोलता येते, ही माहिती महत्त्वाची ठरते.

यंत्र अंगावर येईल किंवा आपण आत अडकू, अशीही भीती असते. नेहमीच्या लिनिअर ॲक्सिलरेटरमध्ये, म्हणजे किरण देणाऱ्या यंत्रात, रुग्ण अरुंद नळीत जात नाही. टेबल मोकळ्या जागेत असते आणि यंत्राचा मोठा हात त्याच्याभोवती फिरतो. काही नव्या यंत्रांना कड्यासारखे तोंड असते, पण तेही एमआरआयच्या बोगद्यापेक्षा बरेच रुंद आणि आखूड असते. किरणांचीच धास्ती असलेल्यांनी हे जाणून घ्यावे की बाहेरून दिले जाणारे किरण त्या क्षणी एक्स-रेप्रमाणेच जाणवत नाहीत आणि सत्र संपल्यावर शरीरात किरणोत्सर्ग उरत नाही, त्यामुळे घरी लहान मुलांना जवळ घेण्यास काहीच हरकत नसते.

शेवटची भीती सांगायला अवघड असते. पूर्वी कधी पाण्यात गटांगळ्या खाल्लेल्या, मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या, कोंडले गेलेल्या माणसाला चेहऱ्यावरचे दडपण त्या आठवणीत परत नेते. डॉक्टरांना सगळा इतिहास सांगण्याचे बंधन नाही. ‘चेहरा झाकला गेला किंवा मला धरून ठेवले तर जुन्या एका प्रसंगामुळे मला फार त्रास होतो’ एवढे वाक्य पुरेसे असते, आणि ते मात्र नक्की सांगावे.

मास्क बनण्यापूर्वीच टीमला सांगावे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. रुग्णाला वाटते की डॉक्टर कामात आहेत, आपली तक्रार क्षुल्लक आहे, वेळ आली की बघू. प्रत्यक्षात मास्क एकदा तयार होऊन त्यावर उपचारांचे नियोजन झाले की बदल करणे अवघड होते, कारण बहुतेक बदलांसाठी स्कॅन आणि गणिते पुन्हा करावी लागतात. त्यामुळे सांगण्याची योग्य वेळ म्हणजे रेडिएशनच्या डॉक्टरांची पहिली भेट. ‘मला बंदिस्त जागेची भीती आहे, पूर्वी एमआरआय अर्धवट सोडावा लागला होता, मास्कच्या वेळी मला जास्त वेळ लागेल’ असे थेट बोलावे आणि ते फाईलवर लिहायला सांगावे, म्हणजे रोज वेगळे तंत्रज्ञ असले तरी प्रत्येकाला ते कळते.

याच भेटीत काही प्रश्न विचारावेत. मास्क फक्त डोक्यापुरता आहे की खांद्यांपर्यंत? डोळ्यांवर किंवा तोंडावर मोठी छिद्रे ठेवता येतील का? चेहरा मोकळा ठेवणारा मास्क माझ्या आजारात चालेल का? काही ठिकाणी त्वचेवर कॅमेऱ्याने सतत नजर ठेवणारी प्रणाली असते, आणि तिच्या आधाराने निवडक रुग्णांना असा मोकळा मास्क देता येतो. प्रत्येक वेळी होकार मिळेलच असे नाही, कारण गाठ मज्जारज्जू, डोळ्याच्या नसा किंवा लाळग्रंथी यांच्या जवळ असेल तर काही मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा असतो. मास्क आहे तो याच कारणासाठी : किरण रोज त्याच जागी पडावेत आणि शेजारचे निरोगी अवयव वाचावेत. हे कारण समजले की मास्ककडे बघण्याची दृष्टी थोडी बदलते, असे पुष्कळ रुग्ण सांगतात.

मास्क तयार होतो तो दिवस

त्या दिवशी काय घडते हे बारकाव्यांसह माहीत असावे. मास्क सुरुवातीला प्लास्टिकचा सपाट, छिद्रांचा पत्रा असतो. साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो काही मिनिटे ठेवला की मऊ आणि लवचिक होतो. पाणी निथळून, त्वचेला सोसेल इतका निवल्यावरच तो चेहऱ्यावर ठेवतात. स्पर्श गरम, ओलसर टॉवेलसारखा असतो. तंत्रज्ञ बोटांनी तो नाकाच्या दांड्यावर, हनुवटीखाली, कपाळावर दाबून आकार देतात, दोन्ही कडा टेबलावरच्या फळीला अडकवतात आणि मग पाच-दहा मिनिटे तो कडक होण्याची वाट पाहतात. थंड होताना तो किंचित आक्रसतो. ही आक्रसण्याची जाणीव आधी माहीत नसेल तर ‘हा असाच आवळत जाणार’ असे वाटून रुग्ण घाबरतो. तो एका मर्यादेला थांबतो आणि त्यानंतर घट्ट होत नाही. त्याच स्थितीत सीटी स्कॅन होतो आणि मास्कवर खुणा केल्या जातात.

या दिवशी दाढी करून आणि केस नेहमीप्रमाणे ठेवून जावे, आणि पुढेही तीच ठेवण राखावी, म्हणजे मास्क रोज सारखाच बसतो. गळ्याभोवती मोकळे असलेले कपडे घालावेत. मास्क चेहऱ्यावर ठेवण्यापूर्वी तो हातात घेऊन बघण्याची, तयार झाल्यावर एकदा क्लिपा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवून बघण्याची विनंती करावी. जबडा आवळून, डोळे मिचकावून किंवा श्वास रोखून धरू नये, कारण मास्क त्याच ताणलेल्या चेहऱ्याचा बनतो. पापण्या हलक्या मिटलेल्या आणि ओठ सैल असावेत.

घरचा सराव : मास्क आणि पहिले सत्र यांच्यामधले दिवस

स्कॅननंतर नियोजनाला बहुधा काही दिवस ते दोन आठवडे लागतात. हा काळ रुग्ण काळजी करण्यात घालवतो. तोच सरावाला वापरला तर पहिल्या सत्राचे स्वरूप बदलून जाते.

सुरुवात श्वासापासून करावी. घाबरल्यावर माणूस भराभर आणि छातीच्या वरच्या भागातून श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळते. गंमत म्हणजे हवा जास्त घेतली जात असतानाच ती कमी पडते आहे असे वाटते. म्हणून ‘खोल श्वास घ्या’ यापेक्षा ‘सावकाश सोडा’ हा सल्ला अधिक बरोबर आहे. उताणे झोपून एक हात पोटावर ठेवावा, नाकाने मनातल्या मनात चार आकडे मोजत साधा श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा, आणि हनुवटी व खांदे अजिबात न हलवता फक्त पोटावरचा हात वर-खाली होतो आहे का ते पाहावे. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरतात. नाक चोंदलेले असेल किंवा गाठीमुळे नाकाने श्वास घेणे जमत नसेल तर ओठ किंचित उघडे ठेवून हाच सराव करावा आणि मास्क बनवतानाही ते सांगावे.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. फुप्फुस, स्तन, यकृत अशा श्वासाबरोबर हलणाऱ्या भागांवर उपचार असतील तर श्वासाची लय टीमला विचारल्याशिवाय बदलू नये. त्यांचे नियोजन एका ठरावीक श्वासावर आधारलेले असते. डाव्या स्तनाच्या काही रुग्णांना तर हृदय किरणांपासून दूर राहावे म्हणून खोल श्वास घेऊन साधारण वीस-तीस सेकंद रोखून धरायला शिकवतात. तेथे वरील पद्धत सत्राच्या आधी आणि नंतर वापरावी.

दुसरा सराव स्नायू सैल सोडण्याचा. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1920 च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत एकेक स्नायूसमूह काही सेकंद आवळून मग सोडतात, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक शरीराला कळतो. यंत्राखाली मान आणि खांदे हलवता येत नाहीत, त्यामुळे पायाची बोटे, पोटऱ्या, मांड्या आणि हाताच्या मुठी एवढ्यांचाच सराव घरी करावा. पण तेथेही किरण चालू असताना आवळणे नको. त्या वेळी फक्त सैल सोडावे.

तिसरा सराव सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो पायरीपायरीने करायचा आहे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीचे हेच सूत्र होते : भीतीची गोष्ट लहान लहान तुकड्यांत, शरीर शांत असताना, पुन्हा पुन्हा अनुभवायची. पहिल्या दिवशी कडक पृष्ठभागावर बारीक उशी घेऊन, हात अंगालगत ठेवून, अजिबात न हलता पाच मिनिटे पडावे. ते जमले की दहा, मग पंधरा मिनिटे. मग तेच डोळे मिटून. त्यानंतर चेहऱ्यावर पातळ, कोरडे, सुती कापड काही सेकंदांसाठी ठेवावे आणि वेळ हळूहळू वाढवावा. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा गुण द्यावेत आणि गुण तीनच्या आसपास उतरेपर्यंत पुढची पायरी घेऊ नये. भीती आठवर असतानाच कापड झटकून उठलो तर मेंदू ‘सुटका झाली’ एवढेच शिकतो. तीच भीती ओसरेपर्यंत थोडे थांबलो तर ‘काही झाले नाही’ हे शिकतो. हा सराव करताना घरातले कोणीतरी जवळ असावे, हात मोकळे असावेत, कापड कधीही बांधू नये आणि प्लास्टिकचा वापर चुकूनही करू नये. ज्यांना मुळातच श्वास घेण्यास त्रास आहे किंवा गळ्यात नळी आहे त्यांनी कापडाची पायरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

या सरावाच्या जोडीला मनात घोळवण्यासाठी काहीतरी ठरवून ठेवावे. नुसते ‘छान काहीतरी आठवा’ म्हटले तर ऐन वेळी काही आठवत नाही. पाठ असलेले स्तोत्र, एखाद्या ओळखीच्या रस्त्यावरची वळणे, एखादा पदार्थ करण्याची क्रमवार कृती, शंभरापासून सात-सात वजा करत जाणे, असे काहीही चालेल, मात्र ते सविस्तर, क्रमाने पुढे जाणारे आणि घरी सरावाच्या वेळी वापरलेले असावे.

थांबवण्याची खूण

पहिल्या सत्राआधी तंत्रज्ञांबरोबर खूण ठरवावी आणि ती एकदा करून दाखवावी. बोलणे मास्कमध्ये अवघड असते, म्हणून हात वर करणे ही सर्वांत सोयीची खूण. काही ठिकाणी हातात दाबायची घंटीही देतात. खूण दिसताच ते बटण दाबून किरण बंद करतात, दार उघडून आत येतात आणि क्लिपा काढतात. दार जड असते, त्यामुळे आत यायला काही सेकंद लागतात, हे आधीच ठाऊक असावे म्हणजे ते सेकंद फार मोठे वाटत नाहीत. किरण मध्येच थांबवले तरी दिलेला डोस यंत्रात नोंदलेला असतो आणि उरलेला भाग पुन्हा जागा तपासून तेथूनच पुढे देता येतो. म्हणजे थांबवल्याने उपचार वाया जात नाहीत.

मात्र मास्क स्वतः ओढू नये, डोके हिसडू नये, खोकला किंवा उलटीची भावना आली तरी आधी हात वर करावा. पापण्या हलवणे, आवंढा गिळणे, नेहमीचा श्वास घेणे याला सहसा मनाई नसते. स्वरयंत्रासारख्या जागी उपचार असतील तर गिळण्याविषयी विशेष सूचना असू शकते, ती विचारून घ्यावी.

सत्रात काय घडते आणि त्या वेळी काय करावे

डोके-मानेच्या उपचारांत सत्रे बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे, म्हणजे एकूण 30 ते 35 असतात. टेबलावरचा एकूण वेळ बऱ्याचदा दहा ते वीस मिनिटे असतो आणि त्यातला मोठा भाग जागा जुळवण्यात व तपासणीच्या स्कॅनमध्ये जातो. यंत्राचा हात गोल फिरत किरण देण्याच्या आधुनिक पद्धतीत प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच चालू असतात. पहिले सत्र तपासण्यांमुळे लांबते, त्यावरून पुढच्यांचा अंदाज बांधू नये.

सत्राआधीच्या दोन-तीन तासांत चहा-कॉफी टाळावी आणि खाणे हलके असावे. थोडे लवकर पोहोचून श्वासाचा सराव बाहेरच सुरू करावा. मास्क लावण्यापूर्वी डोळे मिटावेत. जाळी चेहऱ्याकडे येताना दिसणे हाच अनेकांसाठी सर्वांत वाईट क्षण असतो. तंत्रज्ञांना प्रत्येक कृती आधी सांगायला सांगावे, आणि क्लिपांचा खट्ट आवाज होताना श्वास सोडत राहावे. बाकीची सगळी तयारी झाल्यावर मास्क सर्वांत शेवटी लावता येईल का, हेही विचारावे. आपल्या आवडीचे संगीत लावू देतात का ते पाहावे. रोज तीच गाणी त्याच क्रमाने लावली तर कितव्या गाण्याला सुटका होते हे कळते आणि वेळेला शेवट दिसू लागतो. ‘अर्धे झाले’, ‘शेवटचा फेरा’ असे स्पीकरवरून सांगण्याची विनंतीही करावी.

यंत्र गुणगुणते, टिकटिकते, आवाज बदलतो. मेंदूजवळ किरण दिले जात असताना काही रुग्णांना मिटल्या डोळ्यांआड निळसर प्रकाश दिसतो किंवा ब्लीचसारखा वास येतो. हे माहीत नसेल तर धक्का बसतो. अनुभव आला तर टीमला सांगावा, पण त्याने घाबरून जाऊ नये.

आणि तरीही भीतीची लाट आली तर? तिच्याशी भांडू नये. पॅनिक अटॅक शरीराला फार विचित्र वाटतो, पण तो सहसा काही मिनिटांत, फार तर दहा मिनिटांच्या आत, शिखर गाठून उतरू लागतो. ‘ही भीती आहे, ती वर चढते आहे, ती उतरेल’ असे मनात म्हणावे, श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे, टाचा टेबलाला कोठे टेकल्या आहेत ते जाणवून घ्यावे. सहन होत नसेल तर हात वर करावा. थांबल्यानंतर मास्क काढून पाच मिनिटे बसावे आणि शक्य असेल तर त्याच दिवशी, मास्क अगदी थोड्या वेळासाठी का होईना, पुन्हा लावावा, कारण घाबरून घरी गेलेल्या माणसाला दुसरा दिवस अधिक जड जातो.

औषधांविषयी

सराव करूनही जमत नसेल तर औषध घेण्यात कमीपणा नाही. लोराझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या डॉक्टर सत्रापूर्वी साधारण अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात. पहिली गोळी यंत्राखाली जायच्या दिवशी न घेता डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी घरी घेऊन बघावी, म्हणजे किती झोप येते याचा अंदाज येतो. गोळी घेतल्यावर गाडी चालवू नये, बरोबर कोणीतरी असावे, मद्य पूर्ण वर्ज्य करावे. मॉर्फिनसारखी वेदनाशामके चालू असतील, झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असेल किंवा श्वासनलिका गाठीमुळे अरुंद झाली असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण ही औषधे एकत्र आल्यावर श्वास मंदावू शकतो. कित्येक आठवडे रोज घेतलेली गोळी अचानक बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. दुसऱ्या कोणासाठी लिहून दिलेली गोळी घेणे तर पूर्णपणे टाळावे. लहान मुलांना, आणि क्वचित मोठ्यांनाही, भूल देऊन उपचार करता येतात. मानसोपचारतज्ज्ञांची मदतही पहिल्या आठवड्यातच मागावी.

तिसऱ्या आठवड्यानंतर

पहिल्या काही सत्रांनंतर पुष्कळांची भीती सरावाने कमी होते, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती परत डोके वर काढते, आणि या वेळी कारण बहुतेकदा शरीरात असते. तोंड येते, लाळ घट्ट होते, गिळताना दुखते, आणि उताणे झोपल्यावर घशात चिकट स्राव साचून खरोखरच गुदमरल्यासारखे होते. येथे धीराचे बोल पुरत नाहीत, उपाय हवेत : सत्रापूर्वी गुळण्या करणे किंवा सक्शनने, म्हणजे स्राव ओढून घेणाऱ्या नळीने, घसा मोकळा करून घेणे, वेदनाशामकाची वेळ सत्राशी जुळवणे, मळमळीची गोळी आधी घेणे. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजला तर मास्क आवळतो, वजन घटले तर तो सैल होतो. दोन्ही सांगावे, कारण गरजेनुसार मास्क नवा करता येतो. सत्रानंतर त्वचेवर उमटलेली जाळीची नक्षी मात्र थोड्याच वेळात जाते.

भीतीपोटी सत्र चुकवण्याचा मोह होतो त्या दिवशी घरी न थांबता फोन करावा. डोके-मानेच्या कर्करोगात उपचारांचा एकूण काळ लांबला तर उरलेल्या कर्करोगपेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो, म्हणून टीमला वेळ बदलून देणे, औषध वाढवणे किंवा चुकलेले सत्र भरून काढणे परवडते. न कळवता गैरहजर राहणे परवडत नाही.

सोबत येणाऱ्या नातेवाइकांनी ‘एवढे काय घाबरायचे’ असे म्हणू नये आणि रोज परतताना ‘आज कसे झाले’ अशी चौकशीही लांबवू नये. घरच्या सरावाला जवळ बसणे, गोळीची वेळ सांभाळणे आणि रुग्णाला बोलता येत नसेल त्या दिवशी त्याच्या वतीने तंत्रज्ञांना सांगणे, ही मदत अधिक मोलाची असते.

शेवटच्या सत्रानंतर मास्क घरी न्यायचा की तेथेच ठेवून यायचे, हे रुग्णाने स्वतः ठरवावे. काहींना तो नजरेसमोर नको असतो, काहींना तो स्वतःच्या हाताने मोडायचा असतो. उपचार संपल्यावरही काही आठवडे मास्कची स्वप्ने पडणे किंवा पांघरूण तोंडावर आले तरी दचकून उठणे शक्य आहे. हे महिनाभरानंतरही कमी होत नसेल, किंवा पुढच्या तपासणीचा स्कॅन भीतीमुळे टाळावासा वाटत असेल, तर त्याच भेटीत डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागून घ्यावी.